येथे पाणी तपासून मिळेल

आमच्या लॅबमध्ये रिपोर्टपेक्षा किस्से जास्त साठतात. रिपोर्ट न्यायला निदान कोणीतरी येतं. किस्से तसेच पडून राहतात आणि दुपारी डबा उघडला की आम्हीच ते एकमेकांना वाढतो.

नगरमधली आमची ही छोटीशी पाणी तपासायची लॅब. जोशी सर प्रमुख, शिंदे गावोगाव फिरून नमुने आणणारा आणि मी पाण्यातला नायट्रोजन मोजणारी. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट किती, सांडपाण्यात अमोनिया किती, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटतं. आणि खरं सांगायचं तर मोजणं अवघड नाहीच. जे पाणी मोजायचं तेच पाणी बाटलीत असणं, हे अवघड आहे!

* * *

काष्टीच्या बाजूचे एक गृहस्थ बोअरचं पाणी घेऊन आले होते. मशीनवर आकडा इतका वर गेला की मी पाणी पातळ करून पुन्हा मोजलं. तरी वरच. जोशी सरांनी आधी मशीनवर संशय घेतला, मग माझ्यावर. अख्खी सकाळ मी मशीनची परीक्षा घेत बसले. मशीन पहिल्या वर्गात पास झालं.

शेवटी वैतागून नमुन्याचा कॅन उलटा-सुलटा करून पाहिला. तळाशी अर्धवट खरवडलेलं लेबल होतं. पातळ खताचं!

मी लगेच फोन लावला. गृहस्थ दुखावलेच. "धुतलाय की मॅडम, दोन पाण्यानं. घरात त्योच एक चांगला कॅन व्हता, म्हणून तर तुमच्यासाठी काढला."

* * *

एका डेअरीचे मॅनेजर सांडपाण्याचा नमुना घेऊन आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, सारखं घड्याळाकडे लक्ष. डेअरीचं सांडपाणी म्हणजे त्यात दूध आलं, ताक आलं, नायट्रोजन भरपूर असायला हवा. यांच्या बाटलीत जवळजवळ काहीच नाही. पाणी इतकं नितळ की पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं.

मी विचारलं, हे कुठून भरलंत? आधी म्हणाले, आउटलेटवरून. मी बाटली उचलून कॅलेंडरसमोर धरली. मग म्हणाले, आउटलेटवरूनच भरलं होतं, पण झाकण सैल राहिलं आणि सगळं गाडीत सांडलं. सीटला अजून वास येतोय, हवं तर दाखवतो.

"मग हे कुठलं?"

"हे तुमच्याच व्हरांड्यातल्या कूलरचं. आता एवढ्या लांब आलोय, तर रिपोर्ट घेऊनच जातो ना!"

* * *

आता भाऊसाहेब. कोल्हारच्या अलीकडे वस्तीवर राहतात. बारमाही ऊस, घरामागेच विहीर. सुनेला दिवस गेले होते आणि नर्सताईंनी बजावलं म्हणून ते विहिरीचं पाणी घेऊन आले. बाटली स्वच्छ, पाणी विहिरीचंच. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहा पाजला.

नायट्रेट निघालं मर्यादेच्या दुप्पट. मी समजावून सांगितलं की उसाला टाकलेला युरिया झिरपून विहिरीत उतरतो. मोठ्यांना लगेच काही जाणवत नाही. पण तान्ह्या बाळाला त्या पाण्यात पावडरचं दूध कालवून पाजलं, तर त्याच्या रक्तातून प्राणवायू नीट पोचत नाही आणि बाळ निळं पडू शकतं.

भाऊसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "माझा बाप ह्येच पानी पिऊन नव्वदीला गेला."

"तुमच्या वडिलांच्या लहानपणी शेतात युरिया होता का?"

"न्हाई," ते म्हणाले आणि उरलेला चहा न पिताच उठले.

* * *

शिंदेची सासुरवाडी राजूरजवळ. तिकडच्या वाड्यांवरचे झऱ्यांचे नमुने आणायला तो गेला, दिवसभर डोंगर चढला-उतरला आणि मुक्कामाला सासरी थांबला. नमुन्यांची बर्फाची पेटी ओट्यावर ठेवली आणि जावईबापू जेवून झोपले.

सकाळी उठून पाहतो तर सगळ्या बाटल्या घासूनपुसून ओळीने पालथ्या घातलेल्या! सासूबाई कौतुकाची वाट बघत उभ्या. म्हणाल्या, कालचं शिळं पाणी जावयाने एवढं वागवत न्यायचं म्हणजे काय? मी टाकून दिलं. नळाला आताच ताजं आलंय, भरून देते.

जोशी सर त्याच्यावर ओरडले. शिंदे म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा, मी कोणावर ओरडू?"

* * *

जोशी सरांचाही एक किस्सा आहे. आमच्याकडे वरून तपासणी येणार होती. पाहुण्यांना लॅब लखलखीत दिसली पाहिजे म्हणून सरांनी स्वतः उभं राहून सगळ्या काचा, टेबलं, अगदी माझ्या मशीनचं झाकणसुद्धा पुसून घेतलं. निळ्या रंगाचं, काचा चमकवणारं औषध होतं.

तपासणीसबाईंनी पहिलीच फर्माईश केली, शुद्ध पाणी मोजून दाखवा. शुद्ध पाण्यात अमोनिया शून्य यायला हवा. माझ्या शुद्ध पाण्यात तो एखाद्या गटाराला शोभेल इतका आला! त्या औषधात अमोनिया असतो. सगळ्या खोलीत तोच भरला होता. मी घामाघूम झाले, आणि सर मागे उभे राहून बाईंना सांगत होते, "वास येतोय ना? आजच सकाळी स्वच्छ केलंय."

* * *

भाऊसाहेबांना नात झाली. सुनेला दूध पुरेना, त्यामुळे वरचं, पावडरचं दूध सुरू करावं लागलं. भाऊसाहेब पुन्हा बाटली घेऊन हजर. या वेळी चेहऱ्यावर हसू. मोजलं, तर नायट्रेट आधीपेक्षाही जास्त.

काय केलंत, मी विचारलं.

"उकळलं. पार निम्मं व्हईस्तवर आटवलं. म्हनलं, सगळं इख जळून जाईल."

मी कपाळाला हात लावला. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि ते खालीच राहतं, उलट दाट होतं. भाऊसाहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजी बासुंदीवानी. दूध आटतं, साखर काय उडून जात न्हाई."

इतक्या वर्षांत एवढं चटकन कोणाला समजलं नव्हतं. नोकरीचं सार्थक झालं असं मला वाटलं. त्यांच्या गावात शुद्ध पाण्याचे जार मिळतात. त्यातलंही त्यांनी आणून दिलं, मी तपासलं, ते उत्तम निघालं. बाळाला फक्त हेच, मी बजावलं. फक्त हेच, तेही म्हणाले.

* * *

पुढे त्यांनी खत निम्म्यावर आणलं आणि विहीर पुन्हा तपासायला सांगितलं. या वेळी शिंदेला घेऊन मी स्वतःच गेले. बाटलीही माझी, भरणारीही मी. भर उन्हाळ्याची दुपार होती. नात झोळीत पडून पाय झाडत होती, गुबगुबीत, गुलाबी. तिला बघून माझ्या जिवात जीव आला.

नमुना घेऊन आम्ही ओसरीवर टेकलो. भाऊसाहेबांनी आत बघून खूण केली आणि बाळाच्या आजींनी तांब्या-पेले आणले. मी दोन पेले प्यायले, शिंदे चार प्यायला. इतकं गोड पाणी तर विहिरीचं नव्हतं. मी विचारलं, कुठलं हो हे?

"बाळीच्या जारचं," आजी म्हणाल्या. "तळाला उरलं व्हतं, सगळं काढलं. हिरीत इख हाय म्हनता, मंग पाव्हन्याला त्ये कसं द्यायचं?"

"आणि बाळीला?"

भाऊसाहेब आढ्याकडे बघायला लागले.

"जारवाला सांजच्याला येतो," आजी म्हणाल्या आणि त्यांनी चुलीवरच्या पातेल्याकडे बोट केलं. "तवर हिरीचं हाय की. तुमी काळजी करू नगा, लई आटवून मंगच देते."