अर्तिमासचं उघडं अंग

आमच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत अर्तिमासला सगळे कांदा म्हणायचे. ऐन उन्हाळ्यात, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा दुपारी, हा मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत विजार आणि वर उपरणं लपेटून निळीच्या हौदावर वाकलेला असायचा. "सोल रे एखादी साल," असं येणारा-जाणारा म्हणायचा आणि तो हसायचा. माझी फुटाण्यांची भट्टी त्याच्या दाराला लागून, म्हणून ते हसणं मी जवळून पाहिलंय. ओठ हसायचे आणि हात गळ्याशी जाऊन उपरणं चाचपायचा.

आता आमच्या इफेसस शहराची तऱ्हाच न्यारी. बाईच्या डोक्यावरचं वस्त्र जरा ढळलं की सासू तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. पुरुष मात्र आखाड्यात तेल चोपडून सकाळपासून उघडे. ज्याचं अंग उन्हाने रापलेलं आणि घट्ट, तो चांगल्या घरचा. पांढरा दिसला की बायल्या, नाहीतर रानटी. अर्तिमास पडला लिडिया मुलखाचा, पार सार्दिस शहरचा. तिकडे पुरुषाला दुसऱ्या पुरुषाने उघडं पाहिलं तरी अब्रू गेली. बाप मुलासमोर अंघोळ करत नाही.

आणि अशा माणसाला भर बाजारात नागवं करून विकलं होतं.

स्पार्टाची फौज आमच्या गावात तळ देऊन लिडियाशी लढत होती, ते वर्ष. स्पार्टाच्या सेनापतीने हुकूम सोडला की कैद्यांचे कपडे उतरवा आणि मगच लिलाव करा, म्हणजे आपल्या शिपायांना कळेल की शत्रू किती मऊ आहे. मी फुटाण्यांची टोपली घेऊन तिथेच होते. शिपाई पोट धरधरून हसले. कपड्यांवर लोकांच्या उड्या पडल्या, पण त्या पांढऱ्याफेक माणसांना कुणी विचारेना. अर्तिमासचा भरजरी अंगरखा त्याच्या आधी विकला गेला. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा होता. बाकी काही झाकायला त्याच्याकडे हात उरले नव्हते. त्या हसणाऱ्यांचा मला अजून संताप येतो.

शेवटी आमच्या गल्लीतल्या टिमेसिओस रंगाऱ्याने त्याला घेतला. म्हातारा भला होता. अर्तिमासचा हात रंगात बसला तसं त्याने चार माणसांसमोर त्याला गुलामीतून मोकळं केलं. त्यानंतर अर्तिमासने लग्न केलं, लिकोन झाला. बायको तापाने गेली तेव्हा पोरगं रांगत होतं. माझ्या भट्टीच्या उबेलाच वाढलं म्हणा ना.

लिकोन मात्र आमच्यातलाच झाला. आखाड्यात कुस्ती खेळून खेळून तांब्याच्या हंड्यासारखा दिसायला लागला. त्याच्या तेलाला, खुराकाला अर्तिमासने कधी नाही म्हटलं नाही. पण मुलाची एक कुस्ती पाहायला गेला असेल तर शपथ.

एका वर्षी देवीच्या जत्रेच्या कुस्तीत लिकोनचं नाव लागलं आणि टिमेसिओसचा पुतण्या फिलेतास उठला. म्हातारा मेला होता, साक्षीदारही पांगले होते. फिलेतास पंचांना म्हणाला, "हा पोरगा बाप मोकळा व्हायच्या आधीचा आहे. म्हणजे माझ्या काकाच्या घरचा गुलाम, म्हणजे आता माझा."

पंचांनी जुना रिवाज सांगितला. बापाने रिंगणात येऊन रानडुकराच्या मांसावर हात ठेवावा, मुलगा स्वतंत्र जन्मला अशी शपथ घ्यावी आणि कुस्ती संपेपर्यंत मुलाच्या मागे उभं राहावं. बाप आला नाही, तर पोरगा फिलेतासचा. आणि रिंगणात पाय ठेवणाऱ्या पुरुषाच्या अंगावर धागा चालत नाही. डाग, ताईत, काही लपता कामा नये.

लिकोन धावतच घरी आला. मी भट्टीवरच होते.

"बा, यायचं, शपथ घ्यायची, मागे उभं राहायचं. बास!"

"अंगरखा घालून नाही चालणार?" अर्तिमासने विचारलं.

"वेडा का तू? तुझ्या अंगाला काय सोनं लागलंय लपवायला?"

"तुझ्या जिभेला काही हाड?" मी ओरडले. "बापाशी बोलतोयस."

"अगं मावशी, सगळ्यांचेच बाप येतात. यालाच काय होतं?"

तो गेल्यावर अर्तिमासने उपरणं गळ्याशी घट्ट ओढलं. मग म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी बाजारात तुम्ही होतात. लोक कशाला हसले?"

काय सांगणार? "पांढऱ्या अंगाला," मी म्हटलं.

"मग पांढरं नसलं तर नाही हसणार."

दुसऱ्या दिवशी त्याने गच्चीवर चारी बाजूंनी निळी कापडं टांगली. मला वाटलं, वाळत घातली. दुपारी पलीकडून कण्हण्याचा आवाज आला म्हणून मी माझ्या गच्चीवर गेले.

"वहिनी, पुढे येऊ नका! थोडं ताक असेल तर द्या."

"आत काय करतोयस रे बाबा?"

"रापतोय."

मी कपाळावर हात मारला. आमची पोरं लहानपणापासून थोडी थोडी रापतात. हा एका जन्माचं ऊन एका दुपारी प्यायला निघाला होता. कापडाखालून मी ताकाचा वाडगा सरकवला, तेव्हा एक निळा हात येऊन तो घेऊन गेला.

जत्रेच्या दिवशी मी टोपली घेऊन रिंगणाच्या वरच्या उतारावर बसले होते. अर्तिमास कडेला आला. उपरणं काढलं, मग अंगरखा, मग विजार. नीट घड्या घालून ठेवल्या. कोपरापर्यंत हात निळे, छाती-पोट भाजून लाल, कातडीचे पापुद्रे सुटलेले. आणि तो पाठमोरा झाला तेव्हा मागून दह्यासारखा पांढरा. उताणाच पडून राहिला होता वेडा. कूस बदलायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"अरे, एक बाजू कच्चीच राहिली!" फिलेतास ओरडला आणि सगळा उतार हसला. लिकोनही हसला. वाईट मनाने नव्हे, आपल्या माणसाला हसतात तसा. अर्तिमासने त्याच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

पण या खेपेला त्याने तोंड झाकलं नाही. मांसावर हात ठेवला आणि त्याच्या त्या सार्दिसच्या हेलात मोठ्याने शपथ घेतली. मग लिकोनच्या मागे जाऊन उभा राहिला. कुस्ती लांबली. लोक कुस्ती कमी आणि त्यालाच जास्त बघत होते. तो हलला नाही. लिकोन जिंकला आणि पंचांनी फिलेतासचा दावा फेटाळला.

लिकोन ऑलिव्हची माळ घालून घरी आला तेव्हा अर्तिमास भिंतीकडे तोंड करून बसला होता. अंगावर दोन उपरणी.

"बघितलंस ना, बा? कपडेच तर काढायचे होते! केवढा बाऊ केलास. एवढंच तर होतं."

"हो," अर्तिमास म्हणाला. "एवढंच होतं."

त्यानंतर तो मुलाच्या समोर कधी जेवायला बसला नाही. लिकोन दारातून आत आला की हा मागच्या दाराने हौदाकडे जायचा. मुलाशी बोलायचं झालं तरी बोलताना जमिनीकडे पाहायचा. एके दिवशी लिकोन माझ्याकडे येऊन रडकुंडीला आला.

"मावशी, बा माझ्यावर का रागावलाय?"

"राग नाही रे मेल्या. तुला लाजतो तो."

"मला? मी तर त्याचा मुलगा!"

"म्हणूनच."

त्याला कळलं नाही. त्याला कधी कुणी उघडं करून विकलं नव्हतं, आणि कधी विकू नये म्हणूनच तर बाप तिथे उभा राहिला होता.