नावाचा रकाना

"होता होता काय राह्यलं आज?"

पाळी सुटली की मामा जिनिंगच्या फाटकात उभे राहून घरी निघालेल्या प्रत्येकाला हे विचारायचे. झालेल्या अपघातांची नोंद दफ्तरात असायचीच. मामांना न झालेले हवे असत. नव्वदच्या दशकाच्या मध्याला भैंसा गावातल्या त्या कापसाच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला मी. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं जरा सरकलेलं असावं.

मूळचे ते फिटर. उतारवयात मालकाने त्यांना माणसांच्या सुरक्षिततेवर नेमलं होतं. बायका ओळीने उभ्या राहून मशीनमध्ये कापूस घालायच्या आणि मामा हात मागे बांधून त्यांच्या पाठीमागून फिरायचे. त्यांची एक वही होती. ती मी एकदा चोरून वाचली. 'पदर रोलरकडे गेला. शेजारणीनं ओढला.' 'कापसात खिळा निघाला, ठिणगी उडाली. पाणी जवळ होतं.' 'मोटरवर मांजर निजलं होतं.' पानंच्या पानं भरलेली, पण एकाही माणसाचं नाव नाही.

चोरी कबूल करून मी विचारलं, "मामा, नावं काऊन नाई लिवत?"

"नाव लिवलं का उद्यापासून सांगनं बंद. मंग कोनता पट्टा ढिला हाय, हे मले कोन सांगन?"

मग मीही लक्ष ठेवू लागलो. संध्याकाळी वहीत गेलेला पट्टा सकाळी पाळी सुरू व्हायच्या आत मामांनी आवळलेला असे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याचं काम नीट झालं की काहीच घडत नाही, आणि म्हणून ते कोणाला दिसतही नाही.

अशात हैदराबादचा एक विक्रेता सुरक्षिततेचा तयार प्रोग्राम घेऊन आला. मालकाने मला विचारलं, "विकत घ्यायचा, का तू बनवतो?" विक्रेत्याने पडद्यावर रकाने दाखवले. तारीख, मशीन, कारण, आणि कोणाच्या चुकीने. मामांनी त्या शेवटच्यावर बोट ठेवलं आणि तो सोडून पुढे जायला सांगितलं.

"नाम के बगैर आगे नहीं जाता, चाचा."

मामा माझ्याकडे वळले. "भाऊ, तुमीच बनवा ना. घरचं असलं का आपल्या मापाचं होते."

खरं सांगतो, मला ते बनवता आलं असतं. दोन महिने लागले असते. पण माझं शिक्षण सहा महिन्यांच्या कोर्सचं. बिघडलं तर सगळे हसतील, ही भीती. मी मालकाला म्हणालो, "विकतच घ्या."

वही बंद झाली. रोज संध्याकाळी मामा माझ्या शेजारी स्टुलावर बसून सांगायचे आणि मी टाइप करायचो. पहिल्याच नोंदीला गाडी नावावर अडली. मामांनी थोडा विचार केला.

"माहं लिवा."

"तुमी तर तवा फाटकात होते!"

"मशीनले कुठं ठाऊक?"

मी पोट धरून हसलो. मग रोजच मामांचं नाव पडू लागलं. पदर गेला, मामा. हात निसटला, मामा. बायका पूर्वीसारख्याच सांगत होत्या. मला ही युक्ती फारच आवडली होती.

पुढच्या हंगामात बाहेरगावचा नवा मॅनेजर आला. त्याने नावांप्रमाणे यादी छापायला सांगितली. तीन पानं निघाली आणि तिन्ही मामांची. त्याने आम्हा दोघांनाही बोलावलं.

"ये सब आपसे हुआ?"

मी तोंड उघडणार तोच मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

"हौ साहेब," मामा म्हणाले. "वय झालं आता."

मॅनेजरने त्यांना तिथेच कामावरून कमी केलं. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "बोल्ले नाई, बरं केलं. खरे नावं इचारले अस्ते त्यानं." कपाटातला पाना त्यांनी फडक्यात गुंडाळला आणि ते लेकीकडे नार्नूरला निघून गेले. मी त्यांना बसपर्यंतही सोडायला गेलो नाही. माझी लाज वाटली मला.

त्यानंतरच्या महिन्यात एकही नोंद झाली नाही. मॅनेजरने तो कोरा कागद मालकाला दाखवला. मालक खूश झाले.

मग एका दुपारी मशीन थांबल्याचं ऐकू आलं. एक बाई माझ्या दारात उभी राहिली. हाताला गुंडाळलेला पदर लाल झाला होता. दोन बोटं गेली होती. मी धावत जाऊन तिला धरलं.

"पट्टा चार दिवसांपासून निसटून राह्यला होता," ती म्हणाली. "सांगावं कोनाले?"

तिला दवाखान्यात पोचवून परत आलो आणि नोंद करायला बसलो. तारीख टाकली, मशीन टाकलं, कारण टाकलं. कोणाच्या चुकीने, या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. ते खोटं नव्हतं.