वरून ओतलेलं पाणी
नवा माठ भरला की ओल्या मातीच्या वासाबरोबर मला ती शाळेची कचेरी आठवते. इंग्रजांचं राज्य अजून होतं. पारनेरच्या माळावरून उन्हात चालत बाप मला घेऊन गेला होता, नादारी मागायला. फी माफ झाली तरच मी पुढं शिकणार होते. हेडमास्तर सभ्य माणूस. हातपंख्यानं वारा घेत बापाला म्हणाले, "नादारी अस्पृश्यांच्या मुलांना आहे. तुमच्या वडलांनी ख्रिस्ती धर्म घेतला ना? मग आता तुम्हाला जात कुठली?" बाप म्हणाला, "सायेब, गावाला ते अजून ठावं न्हाई." हेडमास्तरांनी हसून अर्ज परत दिला. बाहेर दाराशी माठ होता, तिथं बापानं पाणी मागितलं. शिपायानं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि तांब्या उंच धरून आमच्या ओंजळीत वरून धार सोडली. बाप पाणी प्याला आणि तोंड पुसून म्हणाला, "चल पोरी. ह्यानं तरी वळखलं आपल्याला." माझी शाळा तिथंच संपली. फुकट शिक्षण कुणाला द्यावं, यावर आता घरात नातवंडं तावातावानं भांडतात. माझ्यात तेवढा दम उरलेला नाही. मी उठते आणि माठातलं पाणी पिते, पेल्यानं.