व्यापाऱ्यांचे जाहीर आभार

चहा गार झाला तरी चालेल, पण भर लोणावळ्यात आभार मानून मी स्वतःची कशी शोभा करून घेतली, ते आधी ऐका!

दुसरी जागतिक लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. बाजारात माझं तेलातुपाचं दुकान होतं. पण तुपापेक्षा मी सचोटीच जास्त वाटायचो. गिऱ्हाईक खोबरेल मागायला आलं की आधी प्रामाणिक व्यापारावर चार शब्द, मग खोबरेल! शेवटी कंटाळून बाकीच्या दुकानदारांनी मला व्यापारी मंडळाचं अध्यक्ष केलं. म्हणजे काय, तर वर्षातून एकदाच बोलेल!

झालं! दिवाळीत, पाडव्याच्या आदल्या दुपारी मारुतीच्या देवळापुढं सभा भरली. व्यापाऱ्यांचं वर्ष सरत होतं. मावळातून बाजाराला आलेली माणसंही टेकली होती. म्हटलं, यंदा उपदेश नको, आभार मानू.

"सर्वप्रथम भुशीचे धोंडिबा गवळी! यंदा त्यांनी दुधात पाणी घालणं जवळजवळ सोडलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे!"

टाळी एकच वाजली. माझीच.

"जवळजवळ?" मागून एक बाई कडाडली. "म्हंजे आदी घालत व्हता?"

धोंडिबा ताडकन उठला. "म्या न्हाई घालत! म्हसच लय पानी पिती!"

आता इथं तरी मी गप्प बसावं की नाही? छे! म्हटलं, गवळ्याला सावरून घेऊ.

"अहो, धोंडिबांचं पाणी निदान स्वच्छ तरी होतं! आणि आपले गुलाबशेट वाणी बघा. मिरचीपुडीत विटेची भुकटी घालायची त्यांनी कायमची बंद केली. त्यांचेही आभार!"

गुलाबशेट पहिल्या रांगेत, हारासाठी मान पुढं करून बसलेले. ते तसेच म्हणाले, "अध्यक्षमहाराज, मी मागितले होते का आभार?"

"तरीच आमचं पोट असं दगडावानी!" कुणीतरी ओरडलं, आणि सभा उधळली. हार मारुतीला गेला.

संध्याकाळी मला करंजी गिळवेना. उद्या पाडवा, सगळ्यात मोठ्या विक्रीचा दिवस, आणि मी सगळ्या बाजाराचा धंदा बुडवला!

सकाळी माफी मागायला निघालो, तर काय? गुलाबशेटच्या दुकानापुढं हीऽऽ झुंबड! धोंडिबापुढं रांग! आणि माझ्या दुकानात? माशी!

वराळ्याच्या सोनामावशी मिरचीची पुडी घेऊन चालल्या होत्या. मी त्यांना माझ्या दुकानापुढं गाठलं. "मावशी, काल एवढं ऐकूनही गुलाबशेटकडंच?"

"व्हय की! शेट लय घाबरलाय. समोर मिरची कुटून देतुया. धोंडिबा तर म्हसच बाजारात आणून समद्यांम्होरं पिळतोय. चोख माल!"

"मग तूप माझ्याकडनं न्या की!"

मावशींनी माझ्या डब्यात वाकून पाहिलं, हुंगलं, आणि झाकण लावलं.

"नगं बाबा. तुमच्या तुपात काय असतंय, त्ये अजून कुनी भाषनात सांगितलं न्हाई!"