ओहोटीत अडलेलं दार

आमच्या चिकूच्या वाडीचं पश्चिमेचं कुंपण संपतं तिथे सुरूची झाडं आहेत आणि त्यांच्या पलीकडे लगेच समुद्र. लग्न होऊन डहाणूजवळ नरपडला आले तेव्हा मला वाटलं होतं, एवढा समुद्र दारात म्हटल्यावर ही माणसं रोज पाण्यात डुंबत असतील. कसलं काय! आम्ही पडलो वाडीवाले. विहिरीचं पाणी मचूळ झालं की समुद्राला बोल लावायचा, आणि वाऱ्याने आंब्याचा मोहोर झडला की पुन्हा त्यालाच, एवढाच आमचा त्याच्याशी व्यवहार. माझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता आणि हे ते अभिमानाने सांगत.

अशा घरात २०१७ च्या हिवाळ्यात आमच्या ह्यांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं, "मी बोट घेतोय."

मी चिकू निवडत होते. हातातला चिकू तसाच राहिला.

"होडी?"

"होडी नाही, बोट. केबिनवाली. आत झोपायला जागा, छोटा ओटा, सगळं आहे. जुनी आहे, पण चांगली आहे. डहाणूच्या खाडीत उभी आहे."

ह्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढे गेलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं, की ह्या दुखण्यात कडेचं दिसणं आधी जातं, मधलं शेवटी, आणि जे गेलं ते परत येत नाही. औषधाचे थेंब आहेत, त्यांनी जाण्याचा वेग कमी होतो. तेव्हापासून हे न चुकता थेंब घालत आणि कोणी विचारलं की "ठीक आहे" म्हणत. मीही रोज विचारायचं सोडून दिलं होतं. ठीक आहे हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, म्हणून आपण ते खरं धरतो.

"बोट कशाला हवी?" मी विचारलं.

"मला आपली वाडी समुद्रातून बघायची आहे. डोळे आहेत तोवर."

ह्यावर गप्प बसावं एवढी समजूत मला होती. पण स्वभाव आडवा आला. "एकदा बघायला कोणी बोट विकत घेतं? उद्या विमानातून बघावीशी वाटली तर विमान आणाल! किनाऱ्यावर एवढे नाखवे आहेत, कोणीही नेईल."

"दुसऱ्याच्या बोटीतून दुसऱ्याच्या घाईने बघावं लागतं," हे म्हणाले. "मला हवा तेवढा वेळ हवाय."

बोटीचा मालक तलासरीकडे कारखाना चालवणारा एक गुजराती गृहस्थ होता. मुंबईहून हौसेने बोट आणली, मुलं परदेशी गेली, हौस फिटली. आम्ही पहिल्यांदा बघायला गेलो ती ऐन भरतीची वेळ. पांढरी शुभ्र बोट पाण्यावर अशी डौलात उभी होती की मीसुद्धा क्षणभर विरघळले. आत नवाकोरा निळा गालिचा, पुढच्या निमुळत्या भागात दोन गाद्या, मध्ये दोघांपुरतं टेबल, इवलंसं बेसिन. दार सागवानी, पितळी कडीचं. लोण्यात सुरी फिरावी तसं ते उघडायचं आणि मिटायचं. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं.

"काकी, एकदम टकाटक बोट छे," मालक म्हणाला. "बघून घ्या, हाथ लावून बघा."

हे हात लावूनच बघत होते. सगळीकडे बोटांची पेरं वाजवत, भिंती दाबत, कडा चाचपत. चार दिवस कुठून कुठून माहिती गोळा केली होती, की फायबरवर टकटक केल्यावर खणखणीत आवाज आला तर चांगलं, दबका आला तर आतलं लाकूड कुजलेलं. मला वाटलं, मालकावर छाप पाडताहेत. मी आपली सवयीने भिंतीच्या एका कोपऱ्यात नखाने ओरखडा काढला. चिकू काढायला झालाय का ते आम्ही तसंच बघतो, वरची साल खरवडून. खाली हिरवा निघाला तर अजून वेळ आहे. इथे पांढऱ्या रंगाखाली आणखी एक पांढरा रंग निघाला. एवढ्यावरून मला काही कळलं नाही.

"घेऊन टाकू," हे तिथेच म्हणाले.

"आधी जेवू," मी म्हटलं.

ही आमच्या घरची रीत. बैल असो, विहीर असो की दुसऱ्याची वाडी असो, विकत घ्यायच्या आधी तिथे बसून एक जेवण जेवायचं, असा सासऱ्यांचा दंडक होता. ते म्हणायचे, बघायला गेलेला माणूस दहा मिनिटांत भुलतो किंवा विटतो. जेवायला बसला की तासभर जागचा हलत नाही, आणि तेवढा वेळ वस्तूला सोंग टिकवता येत नाही. आमच्या शेजारची वाडी सासऱ्यांनी ह्याच रीतीने नाकारली होती, कारण जेवताना विहिरीच्या पाण्याने आमटीची चव बिघडली. ह्यांनी वडिलांचं नाव निघाल्यावर मान डोलावली. मालकाला हसू आलं, पण तो म्हणाला, काल या, म्हणजे उद्या या. गुजरातीत दोन्हीला एकच शब्द चालतो, तो मराठीतही तसाच वापरायचा.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेतला. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, लिंबाचं लोणचं. बोटीपर्यंत पाणी होतं. मालकाने आम्हाला आत बसवलं, कासा गावात काम आहे, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला, आणि गेला. गार वारा यायला लागला म्हणून मी दार ओढून घेतलं. बाजूची छोटी काच उघडी ठेवली.

आता वाडीवाल्यांना भरती-ओहोटी कितपत कळते ते सांगते. विहिरीत खारं पाणी शिरेल की नाही, एवढीच. ओहोटीला डहाणूची खाडी जवळजवळ रिकामी होते हे आम्ही पुलावरून शेकडो वेळा पाहिलेलं. पण तिच्यातल्या बोटींचं तेव्हा काय होतं, हा विचार आमच्या डोक्याला शिवला नव्हता. मासेमारी करणाऱ्या घरातल्या कोणीही आम्हाला सांगितलं असतं, की बोट बघायची ती ओहोटीला, चिखलात बसलेली असताना. आम्ही विचारलंच नाही.

मी भाकऱ्या वाढल्या. पहिला घास घेतला आणि बिरड्याची वाटी माझ्यासमोरून सावकाश ह्यांच्याकडे निघाली. मी धरली. पुन्हा निघाली. मग पाण्याची बाटली पडली, आणि खालून लाकूड करकरावं तसा लांबलचक आवाज आला. पाणी उतरलं होतं आणि बोट एका कुशीवर चिखलात बसत होती. आम्ही दोघं एकाच बाजूला घसरलो.

"दार उघड बाई आधी," हे म्हणाले.

दार उघडेना. कालचं ते लोण्यातलं दार. मी ओढलं, ढकललं, दोघांनी मिळून ओढलं. चौकट तिरकी झाली होती, डोळ्यांना दिसत होती. बोट चिखलावर टेकल्याबरोबर तिचं अंग पिळलं गेलं होतं. मी घसरलेला गालिचा उचलून बघितलं, तर खालची फळी अंगठ्याने दबत होती. पोटातला सगळा सांगाडा कुजलेला आणि वर नवा गालिचा. कार्बाईडमध्ये पिकवलेल्या आंब्यासारखा प्रकार.

छतातल्या झाकणातून वर चढून बाहेर पडता आलं असतं, पण माझे गुडघे आणि ह्यांचं पोट, दोघांनीही नकार दिला. फोन होता. मालकाचा लागेना. दुसऱ्या कोणाला केला असता तर रात्रीपर्यंत अख्ख्या नरपडला कळलं असतं, की वाडीवाले नवराबायको बोट घ्यायला गेले आणि कोंबड्यासारखे खुराड्यात अडकले. भरती येईपर्यंत बसायचं ठरलं. भाकऱ्या होत्या, हवा होती. मी वाट्या मांडीत धरल्या आणि पुन्हा जेवायला बसलो.

तेव्हा मला दिसलं. लोणचं मी ह्यांच्या ताटाच्या डाव्या कडेला वाढलं होतं. ह्यांची बोटं ताटाच्या काठावरून चाचपत फिरत होती. लोणच्याच्या अलीकडून गेली, पलीकडून गेली. घरी ताट रोज एकाच जागी, वाटी एकाच जागी, सगळं सवयीचं. इथे ताट तिरकं आणि सवय नव्हती. कालचं ते भिंती चाचपणं, कडा दाबणं एकदम माझ्या लक्षात आलं. छाप पाडणं नव्हतं ते.

"काचेबाहेर बगळे आलेत बघा," मी म्हटलं.

"हो, छान आहेत," हे म्हणाले, आणि बघत होते दुसऱ्या बाजूच्या बंद काचेकडे. बाहेर बगळे नव्हतेच.

मला राग आला, ह्यांचा आणि त्याहून जास्त माझा. "किती दिसतं?" मी विचारलं. "ठीक आहे म्हणू नका."

ह्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, "बांगडी काढ हातातली."

लोणच्याच्या तेलाने सोन्याची बांगडी सहज निघाली.

"वीतभर लांब धर डोळ्यासमोर. एक डोळा मीट. आता बांगडीच्या आतलं तेवढं बघ. बाहेरचं नाहीच असं समज."

मी बघितलं. समोर बसलेल्या ह्यांचा चेहरा दिसला. कान कापले गेले होते. टेबल नव्हतं, ताट नव्हतं, माझा दुसरा हात नव्हता. मी बांगडी हलवली तेव्हा ताट आलं, पण चेहरा गेला.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. वाडीत उभा राहतो तेव्हा एक अख्खं झाड दिसत नाही मला. खोड बघितलं तर शेंडा नाही, शेंडा बघितला तर फळं नाहीत. वडिलांनी लावलेली झाडं, तुकड्यातुकड्यांनी बघायची." मग म्हणाले, "लांब गेलं की वस्तू लहान होते ना. समुद्रात पुरेसं लांब गेलो तर सगळी वाडी एकदम मावेल. म्हणून म्हटलं बोट."

मी रडले. मी काही दगड नाही. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, पण बोट तिरकी असल्याने तो हात बिरड्याच्या वाटीत गेला, आणि मग आम्ही दोघंही हसलो. पुढची दुपार बरी गेली. ह्यांनी तिरक्या गादीवर डुलकी काढली, मी बांगडी धरून केबिन बघत राहिले. कडी, बेसिन, ह्यांचे पाय. एका वेळी एकच.

ऊन कलल्यावर बोटीखाली पाणी खळखळलं. ती हळूहळू सरळ झाली, वाट्या स्थिर झाल्या, आणि कोणी हात न लावता दाराची चौकट कट्‌ करून जागेवर आली. कडी फिरवली. दार लोण्यातल्यासारखं उघडलं. थोड्या वेळाने मालक आला.

"शुं काकी, कशी वाटली?"

"जेवण छान झालं," मी म्हटलं. हे त्याला नम्रपणे म्हणाले, बोट नको. का ते त्याने विचारलं नाही, त्यावरून त्याला ते माहीत असावं.

घरी जाताना रिक्षात ह्यांनी बोटीचं नाव काढलं नाही. मला वाटलं, आता पुन्हा हा विषय काढायचे नाहीत, आणि तेच मला नको होतं. सकाळी मीच किनाऱ्यावर गेले. आमच्याकडून आंबे-चिकू नेणारे एक नाखवे होते, ओळखीचे. त्यांना सगळं सांगितलं, दारासकट. ते पोट धरधरून हसले. मग डोळ्यांचं सांगितलं, तेव्हा हसायचे थांबले.

"उद्या दुपारच्याला या वहिनी," ते म्हणाले. "ऊन किनाऱ्यावर पडतं तवा समदं चांगलं दिसतं. आन् शेठना सांगा, घाई नाय. मी इंजिन बंद करून बसतो."

मी उभ्या आयुष्यात होडीत बसले नव्हते. गुडघाभर पाण्यातून चढताना महालक्ष्मीला विवळवेढ्याच्या देवळात दर्शनाला येईन म्हणून कबूल केलं आणि होडीची कड जी धरली ती सोडली नाही. किनारा मागे गेला. सुरूची झाडं एक रेघ झाली, माडांची टोकं वर आली, त्याखाली चिकूंचा गडद हिरवा पट्टा. नाखव्यांनी इंजिन बंद केलं. होडी नुसती डुलत राहिली.

हे डावीकडे बघत होते, कोणाच्या तरी भलत्याच वाडीकडे. मी एक हात होडीच्या कडेवरून सोडला, ह्यांची हनुवटी धरली आणि चेहरा सावकाश वळवला. आमच्या विहिरीजवळचा उंच माड आला तिथे थांबवला.

हे बघत राहिले. नाखवे पाठ करून विडी ओढत बसले होते.

मग मला राहवलं नाही. दुसराही हात सोडला, बांगडी काढली, वीतभर लांब धरली आणि एक डोळा मिटला. माड, विहीर, सासऱ्यांच्या चिकूंच्या सगळ्या ओळी, घराचं कौलारू छप्पर, कुंपण ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कडेला थोडं पाणीसुद्धा उरलं.

"मावली का हो?" मी विचारलं.

"मावली," हे म्हणाले. "बघू दे अजून."