माले गावात मला जमिनीची एजंट समजले तेव्हा

भूगावच्या फ्लॅटवरून स्कूटर काढली तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "मुळशीला फिरायला का?" मी "हो" म्हणून टाकलं. घरात माणूस गेल्यावर गाव त्या घराशी कसं वागतं, यावर मी एमएचा प्रबंध लिहितेय, हे जिन्यात उभं राहून सांगणं अवघड जातं.

त्या बाजूला जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, पिरंगुटच्या पुढेमागे गाड्या हलत नाहीत. मी मंगळवारी गेले. पौडला मिसळ खाल्ली, पेट्रोलही तिथेच भरून घेतलं आणि ऊन चढायच्या आत माले गाठलं.

मैत्रिणीच्या ओळखीने मला हिराबाईंना (नाव बदललं आहे) भेटायचं होतं. त्यांचा नवरा हिवाळ्यात गेला. दारात त्यांचे धाकटे दीर उभे होते. त्यांनी आधी स्कूटरच्या नंबरप्लेटचा फोटो काढला, मग माझा.

"कुणी पाठवलं?"

"कॉलेजातून आलेय. अभ्यासासाठी."

"मरणाचा अभ्यास? असला कुटं असतुया? मॅडम, खरं सांगा. प्लॉटिंगवाल्यांनीच धाडलं न्हवं तुमाला?"

मी ओळखपत्र दिलं. ते उलटंसुलटं करून पाहून त्यांनी खिशात घातलं. "जाताना देतो."

आत हिराबाई लसूण सोलत होत्या. मी त्यांना काहीही विचारलं की उत्तर दीर द्यायचे. दहाव्याच्या आधीच दोन अनोळखी माणसं सांत्वनाला आली होती म्हणे. चहा पिता पिता विचारायला लागली, सातबाऱ्यावर आता नाव कुणाचं लागणार? ऐकताना मला दिरांचा संशय पटत गेला, आणि नेमका तेव्हाच मला त्यांचाही संशय येऊ लागला. हा माणूस वहिनीला बोलू का देत नाही?

बाहेरून कुणीतरी हाक मारली. ते उठून गेले. हिराबाई मान खाली घालूनच बोलल्या, "लोकं म्हणत्यात, हिरा रडली न्हाई. कशी रडू? जो यील त्याच्या हाताकडं बघत बसले. कागद हाय का, अंगठ्याची शाई हाय का. डोळं भरलं तर दिसायचं कसं?"

"दिरांच्या हाताकडेसुद्धा?" मी हळूच विचारलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "तुज्याबी."

दीर परतले. त्यांच्यासमोरच त्या मोठ्यानं म्हणाल्या, "लिव्ह पोरी. माजं नाव नको टाकू. पण असल्या घरी जाणाऱ्यांना वाचू दे."

दिरांनी खिशातून ओळखपत्र काढून पुढे केलं.

घरी आल्यावर प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना फोन केला. "मुलाखत झाली?" त्यांनी विचारलं. "अर्धी," मी म्हणाले.

दीर त्या घराची राखण करत होते की कशाची वाट बघत होते, मला कळलं नाही. हिराबाईंनाही कळलं नसावं. मला निदान स्कूटर काढून निघता आलं. त्यांना त्याच माणसाला रात्री जेवायला वाढायचं होतं.