बाईंच्या अंगठ्याचे बटण

बाई फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा एका रेघेत काढीत. डहाणूपाशी खडू टेकला की तो किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरे, गोव्याच्या अंगाने वळे आणि सोलापूर, नांदेड, चंद्रपूर, गोंदिया करीत पुन्हा डहाणूला येऊन मिळे. तोवर वर्गात चिडीचूप. मध्येच कुणी दाराशी आले तरी बाई मान वळवीत नसत. "रेघ चालू आहे," एवढेच म्हणत, आणि प्रत्यक्ष मुख्याध्यापकही उंबऱ्याबाहेर ताटकळत.

ठाण्याच्या शाळेतल्या त्या वर्गातला मी एक मुखदुर्बळ विद्यार्थी. पुढे ठाण्याच्याच एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवू लागलो, बिऱ्हाड डोंबिवलीला केले, आणि नव्वदचे दशक सरत असताना, म्हणजे माझ्या वयाची माणसे जेव्हा नवे काही शिकण्याचे टाळू लागतात तेव्हा, संगणकाच्या नादी लागलो. एका मासिकाबरोबर लिनक्स या संगणक चालवणाऱ्या फुकट प्रणालीची सीडी आली होती. ती मी घातली. लिनक्स मला येत होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ते माझ्या घरी होते, इतकेच खरे. पण बाईंच्या कानावर ही वार्ता गेली आणि त्यांनी मला कळव्याला बोलावून घेतले.

बाई खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातल्या. निवृत्तीनंतर कळव्यातल्या दोन खोल्यांत एकट्या राहत. गॅलरीतून खाडीची एक पट्टी दिसे. त्यांना एक नकाशा करायचा होता: वडील आणि काका कुठे जाळी टाकीत, कोणत्या डोहाला काय म्हणत, ओहोटीला कुठला चिखल उघडा पडे, हे सारे दाखवणारा. भराव पडत चालले होते आणि ती ठिकाणे सांगू शकणाऱ्यांत आता त्याच उरल्या होत्या. अडचण होती ती हातांची. संधिवाताने बोटे वाकली होती. पेन धरवत नव्हते. मात्र माउस तळहाताने ढकलता येई. नकाशे काढता येतील असा एक प्रोग्रॅम माझ्या सीडीत होता. अशा रीतीने लिनक्स बाईंच्या घरी गेले आणि त्याच्या मागोमाग दर रविवारी मी.

"तुला येतं ना रे हे सगळं?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले.

"थोडंफार, बाई."

"शाळेतही असंच म्हणायचास. आणि मग पेपरात सगळं बरोबर यायचं." हे कौतुक माझ्या मानगुटीवर किती दिवस बसणार होते, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

त्या प्रोग्रॅममध्ये रेघ डाव्या बटणाने सुरू होई, डाव्याच बटणाने वळणे घेई आणि संपे मात्र मधल्या बटणाने. डावे बटण बाई तर्जनीच्या पेराने दाबीत. मधले बोट पार गेलेले. त्यामुळे सुरू केलेली रेघ संपतच नसे. पडद्यावरच्या बाणाला चिकटून रबरासारखी ताणत राही. माझे बोट चालत होते, पण त्यांच्या कामाला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. परदेशातल्या भाच्याने मग एक नवा माउस पाठवला. त्याला वर चाक होते आणि कडेला, अंगठ्याखाली, एक जादा बटण. "अंगठा अजून माझ्या बाजूनं आहे," बाई म्हणाल्या. "मधल्या बटणाचं काम ह्याला सांग. बस, एवढंच कर माझं."

एवढेच! लिनक्समध्ये माउसचा सारा संसार एका फाइलीत लिहिलेला असे: तो कोणती भाषा बोलतो, त्याला बटणे किती, चाक फिरले तर काय समजावे. त्या फाइलीत एक अक्षर चुकले की पडदा काळा होई आणि पडदाच सापडत नाही, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य उमटे. बाईंनी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. "त्याच्या समोर तर आहे! चष्मा लाव म्हणावं मेल्याला." मी हसलो नाही, चूक नेमकी कुठे झाली ते मला कळत नव्हते, आणि बाई पाहत असताना तर मुळीच कळत नव्हते.

एका रविवारी चाक फिरू लागले. नकाशाचा अजून कोरा कागद पडद्यावर वर-खाली सरकला तशा बाईंनी मनाने खाडीपासून मुंब्र्याच्या डोंगरापर्यंत दोन फेऱ्या मारल्या आणि मला भरलेल्या पापलेटाचे जेवण वाढले. पुढच्या रविवारपर्यंत दसरा होऊन गेला होता. मी गेलो तर चाक ठप्प. मी फाइल उघडली, ओळी बदलल्या, जुन्या ओळी परत आणल्या. पुढचे कित्येक रविवार त्यातच गेले. बाई शेजारी बसून पाहत. पण त्यांचा संयम सुटला की त्यांच्या तोंडी घरची बोली येई. "काय झाला रं?" त्या विचारीत, आणि मी "बघतो" म्हणे.

शेवटी कंटाळून त्यांनी माउस उचलला, कानाशी नेऊन खुळखुळा वाजवावा तसा हलवला आणि टेबलावर आपटला. चाकाच्या फटीतून हळदकुंकवात माखलेला तांदूळ बाहेर पडला. दसऱ्याला बाईंनी यंत्राची पूजा केली होती. पडद्याला फूल, कीबोर्डाला गंध आणि माउसला भरभरून अक्षता.

"बघ," तांदूळ तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या फाइलीत हा लिहिलाच नव्हता."

माझी फाइल मुळात बरोबरच होती, या शोधाने मला भलताच धीर आला. आता अंगठ्याचे बटणही चालेल, असे आम्हा दोघांना वाटू लागले. बटण दाबले की त्याची नोंद दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लावला. डावे दाबले, पडद्यावर ओळ आली. उजवे दाबले, ओळ आली. चाक फिरवले, आली. बाईंनी अंगठा दाबला. पडदा ढिम्म. त्यांनी पुन्हा दाबला, जोर लावून दाबला, अंगठा पांढरा पडला. बटण टकटक वाजत होते आणि लिनक्सच्या लेखी ते अस्तित्वातच नव्हते.

ठाण्याच्या एका सायबर कॅफेतून मी जाणकारांच्या गटाला विचारून पाहिले. असा प्रश्न विचारायची लाज वाटत असल्याने संदेश तीनदा खोडून लिहिला. कुणा सज्जनाने सविस्तर उत्तर दिले: माउस त्या बटणाची खबर ज्या भाषेत देतो ती या आवृत्तीला येत नाही, पुढच्या आवृत्तीत बहुधा येईल. मी ते बाईंना सांगितले.

"पुढच्या आवृत्तीत मी असेन का, ते विचारलंस?"

तर्कशास्त्रात याचे उत्तर देण्याची सोय नाही.

तेवढ्यात, म्हणजे काहीतरी बोलायला हवे म्हणून, मी सांगितले की लिनक्सला दोन माउस एकाच वेळी जोडता येतात. जुना तीन बटणांचा माउस त्यांच्या डाव्या हाताशी ठेवू. पण उजव्या मनगटाला डाव्या हाताचा आधार दिल्याशिवाय त्यांचा माउस सरळ सरकत नसे. दोन्ही हात एका कामात गुंतलेले. उरत होतो मी. ते उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही.

बाई गॅलरीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "बाबा जाळं टाकायचे ना, तेव्हा काका मागं वल्ह्यावर असायचे. बाबा मागं वळून बघायचे नाहीत. 'हां' म्हणायचे. की काकांनी होडी थांबवायची. अलीकडे नाही, पलीकडे नाही." जुना माउस त्यांनी कोपराने माझ्याकडे सरकवला. "बस मागं. मी 'हां' म्हटलं की दाबायचं. आपली अक्कल चालवायची नाही."

त्यानंतरचे रविवार माझ्या आयुष्यातले सर्वांत निवांत होते. बाईंचा बाण काठाकाठाने सरके, टोकाशी रेंगाळे, आणि "हां". मी दाबी. रेघ संपे. कधी मी घाई केली की त्या म्हणत, "अरे, चिखलात नेलीस ना होडी!" आणि ती रेघ पुसून आम्ही पुन्हा निघत असू.

एका सकाळी कळव्याच्या पुढच्या वळणाकडे जाणारी रेघ चालू असताना बाईंचा हात थांबला. मी 'हां'ची वाट पाहत राहिलो. "जरा छातीत भरून आलंय," त्या म्हणाल्या. शेजाऱ्यांच्या मदतीने रिक्षा केली, त्यांना इस्पितळात नेले. संगणक तसाच चालू राहिला. त्या प्रोग्रॅममध्ये न संपवलेली रेघ साठवता येत नाही. हे मला इस्पितळाच्या बाकावर आठवले.

संध्याकाळी त्यांना भेटू दिले. मी म्हणालो, "बाई, रेघ उघडीच आहे. घरी जाऊन दाबू का?"

"कुठवर आलेली?"

"वळणाच्या अलीकडे."

त्यांनी डोळे मिटले. "तिथं पाणी आहे रे. पाण्यात काठ कसा संपवशील? राहू दे. मी येते."

दुसऱ्या दिवशी त्यांची पुतणी कल्याणहून आली. आत्याचे कपडे घ्यायला घरी गेली, तेव्हा गॅस पाहिला, नळ पाहिला आणि चालू दिसलेला संगणक काळजीपूर्वक बंद केला. कोणीही शहाण्या माणसाने हेच केले असते. बाई परत आल्या नाहीत.

पुतणीने नंतर मला नकाशा मागितला. मी तो छापून दिला. घडी घालण्यापूर्वी तिने विचारले, "हा काठ इथं असा का तुटलाय?"

"पुढचं त्यांना माहीत होतं," मी म्हणालो. "मला फक्त दाबायचं होतं."